'द ब्लॅक कॉल्ड्रन' आणि त्यावर चाललेली कात्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनाआधी स्टुडिओनेच ज्यातली सुमारे बारा मिनिटे कापली, त्या डिस्नेच्या 'द ब्लॅक कॉल्ड्रन' या ॲनिमेशनपटाविषयी मी जेव्हा जेव्हा लिहिले, तेव्हा तेव्हा वाचकांनी जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा विचारले. ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. चित्रपट अजून पाहिला नसेल, तर प्रश्न ६ आणि १३ ही उत्तरे पाहून झाल्यावर वाचावीत.

१. हा चित्रपट नेमका कोणता आणि त्याची गोष्ट काय आहे?

'द ब्लॅक कॉल्ड्रन' हा डिस्नेचा पंचविसावा ॲनिमेशनपट. टेड बर्मन आणि रिचर्ड रिच हे त्याचे दिग्दर्शक, जो हेल हे निर्माते, आणि अमेरिकेत तो २४ जुलै १९८५ रोजी प्रदर्शित झाला. प्रिडेन नावाच्या कल्पित देशात तारन नावाचा एक मुलगा डुकरे राखतो आणि योद्धा होण्याची स्वप्ने पाहतो. त्याच्याकडे सांभाळायला दिलेली हेन वेन ही डुकरीण साधी नाही; तिला लांबचे आणि पुढचे दिसते. मेलेल्या सैनिकांना उठवून त्यांची कधीही न मरणारी फौज उभी करणारी एक काळी कढई कुठे दडवली आहे, हे हेन वेनकडून काढून घेण्यासाठी हॉर्न्ड किंग, म्हणजे डोक्यावर शिंगे आणि मांस झडलेला चेहरा असलेला राजा, तिच्या मागावर आहे. तारनला वाटेत राजकन्या आयलॉन्वी, फ्लुडर फ्लॅम नावाचा भाट आणि गर्गी नावाचा केसाळ, भित्रा, सदा भुकेला प्राणी भेटतो, आणि कढई राजाच्या हाती पडण्याआधी ती नष्ट करायला हे चौघे निघतात. चित्रपट ऐंशी मिनिटांचा आहे आणि त्यात एकही गाणे नाही, ही गोष्ट डिस्नेच्या प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच जाणवते.

२. 'कॉल्ड्रन'ला मराठीत कढई म्हणावे, हंडा म्हणावे की काहील?

आकारमान पाहिले तर गुऱ्हाळातली काहील आठवते, पण ती पसरट असते आणि चित्रपटातले भांडे खोल आहे. हंडा म्हटले की पाणी आणि चकचकीत तांबे डोळ्यांपुढे येते. दर्ग्यातली डेग आकाराने सर्वांत जवळची, पण तिच्याशी अन्नदानाचे पुण्य जोडलेले आहे. कढई या शब्दाबरोबर काजळी आणि उकळणे दोन्ही येते, म्हणून मी तोच वापरतो.

३. ही गोष्ट डिस्नेने रचली की ती आधीपासून होती?

ती लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाच्या 'क्रॉनिकल्स ऑफ प्रिडेन' या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेतून घेतली आहे. पहिले पुस्तक १९६४ साली आले, पाचवे १९६८ साली, आणि त्या पाचव्याला १९६९ चे न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्याचा मानाचा अमेरिकन पुरस्कार, मिळाला. चित्रपट मुख्यतः पहिल्या दोन पुस्तकांवर बेतलेला आहे आणि त्याचे नाव दुसऱ्या पुस्तकाचे आहे. अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात सैनिक असताना काही काळ वेल्समध्ये होते. तिथला डोंगराळ प्रदेश आणि तिथल्या जुन्या कथा त्यांच्या मनात राहिल्या.

कढई मात्र अलेक्झांडर यांच्याही कितीतरी आधीची आहे. 'मॅबिनोगिअन' या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातील ब्रानवेनच्या कथेत पुनर्जन्माची कढई येते. तिच्यात मेलेला योद्धा टाकला की तो दुसऱ्या दिवशी लढायला उभा राहतो, फक्त त्याची वाचा गेलेली असते. शेवटी एफनिशियेन हा, ज्याच्यामुळे सगळा अनर्थ ओढवलेला असतो तोच माणूस, प्रेतांमध्ये प्रेत होऊन पडतो, शत्रू त्याला कढईत टाकतात, आणि तो आतून अंग ताणून ती फोडतो. त्यात त्याचाही अंत होतो. जिवंत माणूस स्वतःहून आत उतरल्याशिवाय कढईची शक्ती संपत नाही, ही चित्रपटातली अट इथून आलेली आहे. कथेचा सगळा गाभा मृत्यूभोवती आहे, हे ध्यानात ठेवले की पुढची कापाकापी इतकी जिव्हारी का लागली ते कळते.

४. चित्रपट बनायला इतकी वर्षे आणि इतका पैसा का लागला?

डिस्नेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तकांचे हक्क घेतले, पण प्रत्यक्ष निर्मिती १९८० च्या सुमारास सुरू झाली. मधला काळ स्टुडिओसाठी पिढी बदलण्याचा होता. वॉल्ट डिस्नेबरोबर काम केलेले जुने चित्रकार निवृत्त होत होते आणि तरुणांतला एक मोठा गट १९७९ साली डॉन ब्लूथ या ॲनिमेटरबरोबर बाहेर पडला होता. जे राहिले त्यांच्यात चित्रपटाच्या सुराबद्दल एकमत नव्हते. सुरुवातीला दिग्दर्शनाची काही जबाबदारी असलेले जॉन मस्कर दुसऱ्या प्रकल्पाकडे गेले. पुढे 'द लिटल मरमेड' रॉन क्लेमंट्स यांच्याबरोबर दिग्दर्शित करणारे ते हेच.

खर्च वाढण्याचे दुसरे कारण तांत्रिक हौस. १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'नंतर प्रथमच डिस्नेने सत्तर मिलिमीटरच्या रुंद पटावर ॲनिमेशन केले. पट रुंद म्हणजे पार्श्वभूमीचे प्रत्येक चित्र मोठे आणि त्यात भरायचा तपशील जास्त. संगणकावर तयार केलेल्या प्रतिमाही डिस्नेच्या ॲनिमेशनपटात येथेच पहिल्यांदा आल्या. आयलॉन्वीभोवती तरंगणारा प्रकाशाचा गोळा हे त्याचे एक उदाहरण. एकूण खर्च चार कोटी चाळीस लाख डॉलरवर गेला. त्या वेळेपर्यंत इतका महाग ॲनिमेशनपट कोणी केला नव्हता.

५. कात्री कोणी लावली, आणि केव्हा?

१९८४ च्या सप्टेंबरमध्ये डिस्ने कंपनीचे नेतृत्व बदलले. मायकेल आयझनर प्रमुख झाले आणि त्यांच्या पाठोपाठ पॅरामाउंट स्टुडिओतून जेफ्री कॅट्झेनबर्ग आले. चित्रपट विभाग त्यांच्याकडे सोपवला गेला. 'द ब्लॅक कॉल्ड्रन' तोवर जवळजवळ तयार होता आणि नाताळात लावायचे ठरले होते. बर्बँक येथील स्टुडिओच्या स्वतःच्या प्रेक्षागृहात त्याचा चाचणी खेळ ठेवला गेला. कढईतून मृतांची फौज उठते तो प्रसंग सुरू झाला आणि लहान मुले घाबरून बाहेर पळू लागली. चित्रपट संपेपर्यंत बहुतेक मुले निघून गेली होती.

कॅट्झेनबर्ग यांनी काही प्रसंग काढण्यास सांगितले. जो हेल यांनी विरोध केला. तेव्हा कॅट्झेनबर्ग स्वतः संकलनाच्या खोलीत गेले आणि चित्रपट कापू लागले. हेल यांनी आयझनर यांना कळवले, आयझनर यांनी त्या खोलीत फोन केला, आणि कॅट्झेनबर्ग थांबले. मात्र बदल हवेतच ही त्यांची मागणी कायम राहिली. प्रदर्शन नाताळावरून पुढच्या जुलैवर ढकलले गेले, सुमारे बारा मिनिटे काढली गेली आणि उरलेले तुकडे एकमेकांना जुळावेत म्हणून काही प्रसंग नव्याने लिहून नव्याने रंगवावे लागले.

या प्रसंगात कॅट्झेनबर्ग यांना एकट्यालाच खलनायक ठरवणे मला पटत नाही. मुले खरोखर पळाली होती आणि चित्रपट विकायची जबाबदारी त्यांची होती. चूक झाली ती जागेची आणि वेळेची; तिचे कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

६. नेमके काय कापले गेले?

सर्वांत मोठी कपात कढईतल्या फौजेच्या प्रसंगात झाली. मूळ आवृत्तीत हे मृत सैनिक हॉर्न्ड किंगच्या माणसांवरच तुटून पडतात. एकाच्या मानेवर आणि धडावर वार होतात, दुसऱ्याला कढईतले धुके गाठते आणि त्याचे शरीर विरघळून जाते. हॉर्न्ड किंगच्या गडातून पळताना तारन जादूच्या तलवारीने राजाच्या माणसांना मारतो, तो भागही गेला. आयलॉन्वी फाटक्या कपड्यांत जीव मुठीत धरून लटकते असा एक तुकडा होता, तो काढला गेला. जमिनीखाली राहणाऱ्या 'फेअर फोक' या चिमुकल्या लोकांचा प्रसंगही आटला. त्यांचा राजा एडिलेग पडद्यावर येतो आणि त्याची ओळख पटते न पटते तोच मंडळी पुढच्या वाटेला लागतात.

आता यातून काय उरले ते पाहावे. पडद्यावर हिरवे धुके गडभर पसरते, सांगाडे उठतात, राजाची माणसे जीव घेऊन पळतात, फौज पुलावरून चालत बाहेर निघते, आणि गर्गीने कढईत उडी घेतल्यावर ती जागच्या जागी कोसळते. म्हणजे ज्या फौजेच्या भीतीवर सगळा चित्रपट उभा आहे, ती फौज कोणालाही बोटसुद्धा लावत नाही. ती उठते, चालते आणि पडते. गर्गीच्या बलिदानाचे वजन त्याने काय थांबवले यावर ठरते, आणि त्याने काय थांबवले हेच आपल्याला दाखवलेले नाही. मला विचाराल तर या चित्रपटाची खरी जखम इथे आहे.

७. बाराच मिनिटे तर गेली. इतर चित्रपटांतून त्याहून जास्त जातात, मग इतका गाजावाजा कशाला?

माणसांना घेऊन चित्रित केलेल्या चित्रपटात एकाच प्रसंगाची अनेक चित्रणे हाताशी असतात. संकलक त्यांतून निवडतो, जोडतो, एक काढून दुसरे लावतो. हाताने रंगवलेल्या ॲनिमेशनपटात असा शिल्लक साठाच नसतो. तिथले संकलन रंगवण्याच्या आधी होते: कथाफलकावर कच्ची चित्रे टाचून, ती क्रमाने चित्रित करून, त्यांना तात्पुरते आवाज देऊन, लांबी आणि वेग पक्का करून मगच अंतिम रेखाटनाला हात लावतात. हेल यांचा विरोध याच व्यवहारातून आला होता.

थोडा हिशोब करून पाहावा. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी जातात, म्हणजे बारा मिनिटांच्या सतरा हजार दोनशे ऐंशी. ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, तरी एका पात्रामागे साडेआठ हजारांहून जास्त रेखाटने होतात. पात्रे दोन असली तर दुप्पट. त्यातले प्रत्येक स्वच्छ रेषेत उतरवून, सेलवर, म्हणजे पारदर्शक तावावर घेऊन, रंगवून मग कॅमेऱ्याखाली गेलेले. कथाफलकाच्या टप्प्यावर हेच बारा मिनिटे काढायला चार टाचण्या उपटाव्या लागल्या असत्या.

८. कापल्याच्या खुणा सामान्य प्रेक्षकाला दिसतात का?

दिसण्याआधी त्या ऐकू येतात. पार्श्वसंगीत एल्मर बर्नस्टाईन यांचे आहे, आणि त्यात ऑन्ड मार्तनो या विजेवर चालणाऱ्या जुन्या फ्रेंच वाद्याचा, माणसाच्या कण्हण्याच्या जवळ जाणारा स्वर आहे. हेडफोन लावून कढईच्या प्रसंगाशी थांबावे. संगीत एका चढणीवर असते, ती चढण पुरी होण्याआधीच सूर तुटतो आणि आपण पुढच्या जागी फेकले जातो. मी हा तुकडा सलग कितीदा ऐकला याची मोजदाद ठेवली नाही, पण ती तूट आता मला चित्राशिवायही ओळखू येते. संगीतकाराने मोठ्या प्रसंगासाठी बांधलेली रचना लहान प्रसंगावर बसवली की असेच होणार.

बर्नस्टाईन यांचे बरेचसे संगीत उशिरा झालेल्या बदलांमुळे चित्रपटात वापरलेच गेले नाही. १९८५ साली त्यांनी स्वतः युटा सिम्फनी वाद्यवृंदाकडून ते पुन्हा वाजवून घेऊन त्याची तबकडी काढली, आणि चित्रपटासाठी केलेले मूळ ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१२ साल उजाडले.

९. ही कात्री सेन्सॉरची होती का? आणि मुलांना हा चित्रपट दाखवावा का?

आपल्याकडे कात्री म्हटले की सेन्सॉर बोर्ड आठवते, म्हणून हा प्रश्न येतो. येथे कोणत्याही सरकारी मंडळाने काही कापले नाही. निर्णय पूर्णपणे स्टुडिओचा होता. अमेरिकेत चित्रपटसृष्टीची स्वतःची वर्गवारी असते, आणि कापूनही या चित्रपटाला पीजी, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाचे वर्गीकरण मिळाले. डिस्नेच्या ॲनिमेशनपटाला ते मिळण्याची ही पहिली वेळ.

मुलांच्या बाबतीत वय सांगण्यापेक्षा स्वभाव पाहावा. वेताळाच्या आणि हडळीच्या गोष्टी रंगून ऐकणारे आठ-नऊ वर्षांचे मूल हा चित्रपट मजेत पाहील. अंधाराला बिचकणाऱ्याला हॉर्न्ड किंगचा चेहरा झोपू देणार नाही. पहिल्यांदा शेजारी बसावे.

१०. चित्रपट पडला तो कापल्यामुळे का?

अमेरिकेत त्याने सुमारे दोन कोटी तेरा लाख डॉलर मिळवले, म्हणजे खर्चाच्या निम्म्याहूनही कमी. त्याच वर्षी आलेल्या, खूप कमी खर्चाच्या 'द केअर बेअर्स मूव्ही'ने त्याच्याहून जास्त कमावले, ही तुलना स्टुडिओला फार झोंबली. पण अपयश एकट्या कात्रीच्या माथी मारणे बरोबर नाही. डिस्नेचे नाव पाहून येणाऱ्या कुटुंबाला तो भयंकर वाटला, आणि भयंकर काहीतरी हवे असणाऱ्या तरुणाने डिस्नेचे नाव पाहून तिकीटच काढले नाही. काही समीक्षकांनी, त्यांत रॉजर ईबर्ट हेही होते, त्याचे मनापासून कौतुक केले. त्याचा गल्ल्यावर परिणाम झाला नाही.

११. कात्री लागली नसती तर ही उत्कृष्ट कलाकृती झाली असती का?

माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते मी या चित्रपटावर प्रेम असूनही देतो. दोन कादंबऱ्या एका चित्रपटात कोंबताना झालेले नुकसान कात्रीच्या आधीचे आहे. पुस्तकात हॉर्न्ड किंग हा मृत्यूच्या देशाचा अधिपती अरॉन याच्या हाताखालचा सेनापती आहे. चित्रपटाने दोघांचे एक पात्र केले. राजपुत्र ग्विडियन, ज्याच्याकडे पाहून तारनला खरे शौर्य म्हणजे काय ते कळते, तो चित्रपटात नाहीच. त्यामुळे तारनला घडवणारे कोणी उरत नाही. जी तलवार त्याला मिळते ती त्याच्यासाठी लढते, आणि तो बराच काळ तिच्यामागे ओढला जातो. बारा मिनिटे परत जोडली तर कढई भयानक होईल, संगीत सलग होईल, फेअर फोक पाहुण्यांसारखे न वाटता प्रिडेनचे रहिवासी वाटतील. तारन मात्र तितकाच पातळ राहील.

पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेले टिम बर्टन यांची चित्रे वापरली असती तर, असेही पुष्कळ जण विचारतात. तरुणपणी ते डिस्नेत नोकरीला होते आणि या चित्रपटासाठी त्यांनी विचित्र, काटकुळ्या आकृत्यांची कल्पनाचित्रे काढली होती. ती बाजूला ठेवली गेली. तो निर्णय कात्रीच्या फार आधीचा आहे आणि त्याचा कॅट्झेनबर्ग यांच्याशी संबंध नाही.

१२. न कापलेली आवृत्ती कुठे मिळेल?

ती कधीच प्रसिद्ध झालेली नाही. डिस्नेने हा चित्रपट अमेरिकेत घरगुती व्हिडिओवर आणायलाच १९९८ सालापर्यंत वेळ लावला. २०१० च्या डीव्हीडीवर फेअर फोकचा एक वगळलेला प्रसंग दिला आहे, आणि त्यावरून त्या भागाचा मूळ विस्तार कळतो. कढईच्या प्रसंगातले वगळलेले चित्रण त्यात नाही. इंटरनेटवर 'पूर्ण आवृत्ती' म्हणून जे फिरते ते सुटी चित्रे आणि रेखाटने जोडून चाहत्यांनी केलेले असते. ते पाहण्यासारखे असते, पण तो चित्रपट नव्हे. संकलन खोलीतल्या त्या दिवसांची हकिकत ऐकायची असेल तर डॉन हान यांचा 'वेकिंग स्लीपिंग ब्यूटी' हा माहितीपट पाहावा. हान या चित्रपटाचे निर्मिती व्यवस्थापक होते, त्यामुळे ते आतून बोलतात.

१३. जिवंतपणी कढईत उतरणारा परत येत नाही असे चेटकिणी सांगतात, मग गर्गी परत कसा येतो? हाही कात्रीचाच परिणाम का?

कापल्या गेलेल्या प्रसंगांच्या नोंदीत हा शेवट नाही, म्हणून तो कात्रीच्या नावावर घालता येत नाही. मूळ पुस्तकात कढईत उडी घेतो तो एलिडिर, गर्विष्ठ आणि तारनचा मत्सर करणारा राजपुत्र, आणि तो मरतो. कढई फुटते, कोणी परत येत नाही. चित्रपटाने हे बलिदान सर्वांत निरागस पात्राला दिले आणि मग ते मागे घेतले. कढईचा नियम मोडला का, असे विचाराल तर काटेकोरपणे मोडलेला नाही. कढईत इच्छेने उतरल्यावर तिची शक्ती संपते, आणि ती संपलेलीच आहे. गर्गी मेलेलाच बाहेर येतो. त्याला जिवंत करतात त्या ऑर्डू, ऑर्वेन आणि ऑर्गॉक या मोर्व्हाच्या दलदलीत राहणाऱ्या चेटकिणी, आणि फुकट काही न देणे हा त्यांचा नियम त्याही वेळी पाळला जातो.

कढई परत न्यायला त्या येतात तेव्हा फ्लुडर फ्लॅम त्यांना डिवचून सौद्याला तयार करतो. त्या तारनसमोर त्याची जादूची तलवार धरतात. हीच तलवार देऊन त्याने कढई मिळवलेली असते आणि ती देताना त्याचा जीव तुटलेला असतो. या वेळी तो तिच्याकडे पाहतो आणि सांगतो की तो योद्धा नाही, डुकरे राखणारा पोर आहे, तलवार घेऊन तो काय करणार. त्याला कढईच्या बदल्यात गर्गी हवा आहे.